पुसणाऱ्याचा माग

"आपल्या घरात सगळ्यात जास्त कोण राहतं?"

जेवताना, तोंडात भरीत आणि हातात पुरी असताना मी हा प्रश्न विचारला. पैज होती. दुपारी मधल्या सुट्टीत दुर्वा फालक सांगत होती, की तिच्या मावशीच्या घटस्फोटात कोर्टानं घरी हुंग्या पाठवला आणि हुंग्याला त्या घरात मावशीपेक्षा आणि काकांपेक्षा जास्त मांजरच सापडलं. आम्ही हसून हसून डबे सांडले. मग मुबश्शिरा म्हणाली, "अत्तरदे, हिंमत असेल तर आज घरी विचार. तुमच्याकडे कोण निघतं बघू." मी म्हटलं, त्यात काय, विचारते!

'त्यात काय' हे मला नव्यानंच म्हणता यायला लागलंय. शाळेच्या कबड्डी संघात यायच्या आधी मी हजेरीचं 'उपस्थित' इतकं हळू म्हणायचे, की बाई गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. आता मी एकटी समोरच्या सात जणींत घुसते आणि दोघींना शिवून परत येते. जळगावच्या उन्हात, अनवाणी! तेव्हा स्वतःच्याच आईबापांना एक प्रश्न विचारणं म्हणजे किस झाड की पत्ती.

मला वाटलं, मम्मी म्हणेल, "झुरळं." किंवा पप्पा म्हणतील, "तुझे कपडे."

मम्मीचा वाढता हात तसाच राहिला. पप्पा तिच्याकडे बघून म्हणाले, "तू सांगितलंस हिला?"

"मी कशाला सांगू? तुम्ही सांगणार होतात ना? या रविवारी, त्या रविवारी करत."

"मग हिला कसं कळलं?"

"काय कळलं?" मी विचारलं. हा प्रश्न मात्र पैजेतला नव्हता.

तर अशी मला बातमी समजली. घटस्फोटाचा अर्ज आधीच गेला होता. आमच्याकडे भांडणं नव्हती हो, ताटं आपटली जात नव्हती. दोघं एकाच खोलीत असायचे आणि "पप्पांना सांग, दूध संपलंय," "मम्मीला सांग, आणतो," असं माझ्यामार्फत चालायचं. मी येडी, मला वाटायचं मी किती महत्त्वाची आहे घरात.

"आणि घर?" मी विचारलं.

"ते बुधवारी कळेल," पप्पा ताटात बघत म्हणाले. "हुंग्या येतोय."

दुर्वाच्या मावशीकडे आलेला हुंग्या केवढा गमतीचा होता. आमच्याकडे येणारा एकदम दातांचा वाटायला लागला.

हुंग्या हे पोरांनी ठेवलेलं नाव. सरकारी नाव 'वास्तव्यमापक'. विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला तो नीट समजावला होता. प्रत्येक माणसाभोवती एक न दिसणारा ढग असतो: कातडीचे कण, श्वासातले थेंब आणि त्यांवर बसलेले जिवाणू. आपण तासाला लाखोंनी ते सांडत असतो. कोणाच्या अंगावर कुठले जिवाणू किती, हे प्रमाण दोन माणसांचं सारखं नसतं, त्यामुळे ढग कोणाचा ते ओळखता येतं. तो जाऊन बसतो रंगाच्या बारीक भोकांत, दोन फरशांमधल्या सिमेंटमध्ये, दाराच्या लाकडात. थरावर थर. त्या थरांतली प्रथिनं ठराविक वेगानं तुटत जातात, म्हणून थर कधीचा हेही सांगता येतं. हुंग्या भिंतीला नाक लावतो, हवा ओढतो, कण मोजतो आणि सांगतो, या घरात खरोखर कोण किती राहिलं.

कायदा चांगल्यासाठीच झाला होता. आधी कागदावर ज्याचं नाव त्याचं घर, आणि बाई आयुष्यभर राबूनही कपड्यांची बॅग घेऊन माहेरी. मग ठरलं, नाव कोणाचंही असो, लग्नाचं घर वास्तव्याप्रमाणे वाटायचं. ज्याचा वाटा मोठा त्यानं घर ठेवायचं आणि दुसऱ्याला त्याच्या वाट्याची किंमत देऊन मोकळं करायचं.

आमचं घर पप्पांच्या नावावर आहे. हप्ते मात्र मम्मीच्याही पगारातून गेले. म्हणून हुंग्या मागवला मम्मीनंच. तिला खात्री होती.

बुधवारी तो आला. मोठ्या कुकरएवढा, चार रबरी पाय, पुढे ओलसर सोंड. बरोबर कौटुंबिक न्यायालयाच्या निरीक्षक खरोटे मॅडम. उन्हानं लाल झालेल्या, तोंडाचा स्कार्फ सोडत आधी पाणी मागितलं त्यांनी. मग हुंग्याला खाली ठेवून म्हणाल्या, "कोणी आडवं जायचं नाही. त्याला त्याचं काम करू द्या."

तो आधी पप्पांच्या खुर्चीपाशी गेला. पप्पा केळीच्या बागांवर उडणाऱ्या ड्रोनांवर घरूनच नजर ठेवतात. दिवसभर त्याच खुर्चीत, पाय टीपॉयवर, डोकं मागच्या भिंतीला. तिथं त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडलाय. हुंग्यानं त्या डागाला सोंड लावली आणि काढेचना. मांजर दूध पितं तसा चुटूचुटू आवाज.

मग पालीसारखा भिंतीवरून स्वयंपाकघरात. मम्मी ओट्याला टेकून उभी होती, जरा हसूनच. हुंग्या ओट्यावर चढला, शेगडीजवळून, भांड्यांच्या फळीवरून, फ्रिजच्या दारावरून फिरला. कुठेही थांबला नाही. रिकाम्या रस्त्यावरून रिक्षा जाते तसा सरळ निघून गेला.

"पुन्हा फिरवा," मम्मी म्हणाली. "बिघडलाय तो."

मॅडमनी पुन्हा फिरवला. तो पुन्हा तसाच गेला.

माझ्या खोलीत मात्र त्याला वेडच लागलं. मी पलंगावर उलटी पडून, पाय वर भिंतीला लावून अभ्यास करते. मैदानावरची माती, घाम, सगळं तिथं. भिंतीवर दोन काळपट तळवे कायमचे उमटलेत. मम्मी कितीदा ओरडली, "पुसू दे मला ती घाण!" आणि मी कितीदा ओरडले, "माझ्या खोलीला हात लावायचा नाही!" हुंग्या त्या तळव्यांना चिकटूनच बसला.

शेवटी मॅडमनी आकडे वाचले. "श्री. अत्तरदे, सेहेचाळीस टक्के. कुमारी त्रिज्या अत्तरदे, चाळीस. सौ. अत्तरदे..." त्यांनी स्क्रीन पदरानं पुसून पुन्हा बघितली. "चौदा."

"चौदा?" मम्मीनं आपले तळहात उलटेसुलटे करून बघितले, जणू तिथं काहीतरी लिहिलेलं असणार होतं.

माझी मम्मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर आहे. कोपरापर्यंत हात घासायची तिला इतकी सवय, की घरीही तेच. फिनाइल, स्पिरिट, डेटॉल. फरशी रोज दोनदा, दिवाळीला फरशांमधल्या फटीसुद्धा जुन्या टूथब्रशनं. जिथं हात लावला ते लगेच पुसलं. फक्त पप्पांच्या खुर्चीमागचं राहायचं, कारण पप्पा तिथून उठायचेच नाहीत. आणि माझी खोली, कारण मी शिरू द्यायचे नाही.

"ताई," खरोटे मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही रोज पुसत होतात ना? मग पुसण्यात तुम्हीच पहिल्या गेलात. यंत्राला उरलेलं मोजता येतं. पुसणाऱ्याचा माग नाही लागत."

मम्मी हसली. मोठ्यानं, बराच वेळ. मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

"अंतिम मापन पुढच्या महिन्यात," मॅडम आवरता आवरता म्हणाल्या. "मुलगी दहावीत ना? मग तिला विचारू कोणाकडे राहायचं ते. ती ज्याच्याकडे, तिचे चाळीस त्याच्याकडे."

सेहेचाळीस आणि चौदा. आणि मधे मी. दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. शेवटच्या चढाईला निघताना सगळं मैदान बघतं तसं नाही, ते मला फार आवडतं. हे बघणं म्हणजे बाजारात पपई दाबून बघतात ना, तसं होतं.

त्या दिवसापासून मम्मीनं पुसणं सोडलं.

सुरुवातीला मी खुश! "खा की पलंगावर," ती म्हणाली. "सांडलं तर सांडलं. अंग झटक चांगलं." मी दुर्वाला फोन करून सांगितलं, आमच्याकडे स्वातंत्र्य आलंय. मग एकदा पाणी प्यायला गेले, तर मम्मी डोळे मिटून स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन्ही हात घासत होती, मनगटापासून कोपरापर्यंत, एका बाजूनं, मग दुसऱ्या. केस हॉलमध्ये विंचरायला लागली आणि गुंतवळ तसंच सोडायला लागली. झोपायला ओट्याखाली फरशीवर, नुसत्या जमिनीवर. आणि हॉस्पिटलमधून आली की हात धुवायची नाही. माझी मम्मी! मला त्या न धुतलेल्या हातांचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची.

मग पप्पांनी पुसायला सुरुवात केली.

पप्पांना मी जन्मात कधी फडकं हातात घेतलेलं बघितलं नव्हतं. शाळेतून आले तर ते गुडघ्यांवर बसून, शीळ घालत, स्पिरिटनं स्वयंपाकघराची फरशी पुसत होते. बरोबर मम्मी झोपते तेवढाच तुकडा.

"पप्पा? काय करताय?"

"घर नको का स्वच्छ? तुझ्या आईनं तर सोडलंच."

"पण तेवढंच का?"

त्यांनी मान वर केली. किती छान हसले ते. "तू हात लावून जाऊ नकोस हां कुठं. तुझी खोली तुझी. मस्त लोळत जा तिथं. आणि कोर्टात बाई विचारतील तेव्हा लक्षात ठेव, शाळेत रोज कोण सोडतं तुला."

संध्याकाळी मम्मीनं माझ्या केसांना तेल लावता लावता विचारलं, "तापात तुझ्या उशाशी कोण बसायचं गं?"

बोलले असते तर ते मोजलं गेलं असतं. घरात मी पाय आखडून बसायला लागले. भिंतीला टेकायची भीती, दाराला धरायची भीती. कुठं हात लागला की वाटायचं, आता हे कोणाला गेलं?

अंतिम मापनाला आठवडा होता. शनिवारी सरावात पडले, उजवा गुडघा चांगलाच सोलला. लंगडत घरी आले, तर दारातच स्पिरिटचा वास. आणि वास माझ्या खोलीतून येत होता.

भिंत पांढरी होती. पलंगाशेजारची, सगळीच्या सगळी. माझे दोन तळवे गेले होते. पप्पा ओलं फडकं घेऊन उभे.

"का पुसलं?" माझा आवाज पुन्हा तो जुना झाला होता, गैरहजेरीवाला.

"तू तिच्याकडेच जाणार त्रिजू, मला माहितीये. मुली आईकडेच जातात." ते फडकं पिळत होते, पाणी माझ्या वह्यांवर पडत होतं. "तुझे चाळीस तिकडे गेले, की मी संपलो. माझं काम इथं, सगळं इथं. मी फक्त थोडे कमी केले."

"मला कमी केलंत?"

"तुला नाही गं! भिंतीवरचं."

तेवढ्यात मम्मी आली. दारातून तिला भिंत दिसली. "माझी पोरगी पुसली तुम्ही!" ती अशी किंचाळली, की मला बरंच वाटलं. मी लंगडत तिच्याकडे गेले. मला फक्त तिच्या पोटात तोंड खुपसायचं होतं.

माझ्या अंगावर रक्ताचा थेंब दिसला, की मम्मी आधी कापूस आणते. लहानपणापासून, नेहमी. त्या दिवशी तिनं माझा गुडघा बघितला. मग भिंत बघितली.

"रक्तात पेशी भरपूर असतात," ती म्हणाली. वॉर्डमध्ये बोलतात त्या शांत आवाजात. तिनं माझा दंड धरला. "ये. इथं टेकव. जरा घास."

"मम्मी, दुखतंय."

"थोडंसं. अजून आठवडा आहे, भरून काढू आपण. त्यांनी केलं ना कमी, आपण भरून काढू."

गुडघा भिंतीला लागला. पांढऱ्या रंगावर लाल रेघ उठली. मी पप्पांकडे बघितलं, की ते आता तिला थांबवतील. पप्पा त्या लाल रेघेकडे बघत होते आणि त्यांच्या हातातलं फडकं हळूहळू वर येत होतं.

मी कबड्डीत शिकले ते केलं. खांदा खाली, हिसडा, आणि पळ.

मुबश्शिराचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. तिच्या अम्मीनं काही न विचारता गुडघा धुतला. मुबश्शिराला मात्र मी सगळं सांगितलं.

"चाळीस मम्मीला देऊन टाक ना," ती म्हणाली. "तिच्यावरच अन्याय झालाय."

"देते गं. पण मग पप्पा आयुष्यभर म्हणतील, मुलीनं घर घेतलं माझं. आणि पप्पांना दिले, तर मम्मी त्या घरात होतीच कधी? भिंत म्हणेल, नव्हती."

"मग ती भिंतच खोटारडी आहे."

हे ती सहज बोलून गेली आणि दाढेत अडकलेलं शेंगदाण्याचं टरफल काढत बसली. मी मात्र उठले आणि खरोटे मॅडमना फोन लावला.

"अत्तरदेंची त्रिज्या का?" मॅडम सावध झाल्या. "आईनं सांगितलं फोन करायला, की वडिलांनी?"

"कोणी नाही. माझी मी. मॅडम, हुंग्याला घरात कोणीच सापडलं नाही तर?"

"म्हणजे?"

"तिघांपैकी कोणीच. एक कण नाही."

"तसं झालं तर यंत्र बाद. मग जुनी पद्धत. दोघांनी माझ्यासमोर बसायचं आणि तोंडानं सांगायचं, मी या घरासाठी काय काय केलं. आणि दुसऱ्याचं मधे न बोलता ऐकायचं, पूर्ण. मग मी वाटे सुचवते. लोकांना नको असतं ते. हुंग्या परवडला म्हणतात."

"आणि पुसणं गुन्हा आहे?"

"नवऱ्यानं बायकोचं किंवा बायकोनं नवऱ्याचं पुसलं तर आहे. सापडले तर. सापडत नाहीत."

"मुलीनं सगळ्यांचं पुसलं तर?"

"मुलीनं स्वतःचा वाटा पुसल्याचं मी आजपर्यंत ऐकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "कायद्यात त्यावर ओळसुद्धा नाही. पण बाळा, तुझंही जाईल हं. ते परत येत नाही. उद्या कोणी विचारलं, ही पोरगी या घरात वाढली का, तर भिंत गप्प बसेल."

फोन ठेवल्यावर मी पायरीवर बसून राहिले. इतकी भीती मला शेवटच्या चढाईलाही कधी वाटली नव्हती. माझी पहिली पावलं, माझी गोवर, परीक्षेच्या आदल्या दिवशीचं रडणं, सगळं त्या भिंतींत, थरावर थर, तारखेनिशी. आणि ते दुसऱ्या कोणी नाही, मी पुसायचं.

मुबश्शिरा मला आमच्या फाटकापर्यंत सोडायला आली. "आत येऊ?" तिनं विचारलं. मी नको म्हटलं.

दोघं हॉलमध्ये होते. पप्पा खुर्चीत नव्हते, दाराशी उभे होते, पायांत चपला. मला शोधायला निघाले असावेत. मम्मीच्या हातात कापूस होता. ती पुढे आली आणि मी मागे सरले. ते बघून ती जागच्या जागी थांबली, आणि तिचा चेहरा असा झाला, की मला तिच्याकडे बघवेना.

"त्रिजू, मघाशी मी..." तिनं सुरुवात केली.

"नाही, आधी मी," मी म्हटलं. मी दाराची चौकट घट्ट धरली. पूर्ण पंजानं. "मी माझे चाळीस कोणालाच देणार नाहीये. उद्यापासून मी घर पुसणार आहे. सगळं. पप्पांच्या खुर्चीमागची भिंत, तुझी ओट्याखालची फरशी, दारं, फटी, सगळं. माझ्या खोलीत राहिलं असेल तेही. हुंग्या येईल तेव्हा त्याला इथं कोणीही सापडणार नाही. मग तुम्हाला खरोटे मॅडमसमोर बसून एकमेकांना सांगावं लागेल, कोण कसं राहिलं ते. आणि ऐकावं लागेल."

"वेडी झालीस का?" पप्पा म्हणाले. "तुझं सगळं जाईल त्यात!"

"माहितीये."

"लहानपणापासूनचं, राजा," मम्मी म्हणाली. "काहीच राहणार नाही तुझं."

"माहितीये म्हटलं ना! मला खूप भीती वाटतेय, आत्तासुद्धा वाटतेय, तरी मी करणार आहे. ठरलंय माझं. फक्त बादली कुठं ठेवतेस ते सांग मम्मी, मला खरंच माहीत नाही."